तिसऱ्यांदाही

पहाटे साडेपाचला चन्थवी रस्त्याकडेला गुडघे टेकते,
मांडीशी बांबूची टोपली, आत वाफाळता चिकटभात.
भिक्खू अनवाणी येतात, एकामागे एक, सर्वांत शेवटी
झोपाळू डोळ्यांचा नऊ वर्षांचा श्रामणेर.
ती प्रत्येकाच्या पात्रात बोटांनी वळलेली गोळी ठेवते
आणि काही मागत नाही.

तासाभराने तीच बाई, तेच गुडघे,
गावामागच्या उतारावर
लाल दोऱ्यांच्या मधल्या मीटरभर पट्टीत.
हातात खुरपं. कानात यंत्राची बारीक शीळ.

जमिनीत बोंबी आहेत.
लाओसमध्ये त्यांना असंच म्हणतात, बोंबी.
पेरूएवढ्या, गंजलेल्या,
पन्नास वर्षांपूर्वी आभाळातून पडून
फुटायच्या राहून गेलेल्या.
आपल्याकडची बोंब निदान ओरडते तरी.
ह्या गप्प पडून असतात
कुणाची तरी कुदळ लागेपर्यंत.

तिचा धाकटा भाऊ बांबूचे कोंब खणायला गेला होता.
त्याबद्दल ती एवढंच सांगते:
कोंब कोवळे होते.

मी यंत्रं दुरुस्त करायला आलेलो, सहा आठवड्यांसाठी.
विहाराला इथे वाट म्हणतात.
संध्याकाळी वाटेला जाऊ, असं ती म्हणाली
तेव्हा मला वाटलं, कुठेतरी लांब निघायचंय.
वाट तर दोनशे पावलांवर.
तिथली घंटा म्हणजे बाँबचं रिकामं कवच,
अर्ध्यात कापून फणसाला टांगलेलं.
लाकडी दांडका बसला की
आधी खरखर, मग बराच वेळ गोड.

आणि मग ती ओळ आली.
उच्चार निराळे, सूर शेवटाला खाली बसणारा,
पण ओळ तीच,
जी आई मला झोपेतून उठवून म्हणायला लावायची
माझा एक डोळा अजून मिटलेला असताना.
सरणं गच्छामि.
तेव्हा वाटायचं, सरण म्हणजे लाकडं रचतात ते.
पुढे इतिहासाच्या पुस्तकात वाचलं,
शरण म्हणजे हात वर करून किल्ला सोडणं.
दोन्ही अर्थांना घाबरत
मी हात मात्र जोडत राहिलो,
आणि आत कुठेतरी यादी:
पास होऊ दे, वडिलांची खोकल्याची उबळ थांबू दे, बदली होऊ दे.

चन्थवीला विचारलं, तू काय मागतेस?
दुभाष्याने दोनदा समजावून सांगितलं तिला.
ती हसली.
कुणाकडे मागायचं? ते तर गेले.
हनुवटीने मूर्तीकडे खूण केली तिने,
जुन्या फोटोतल्या नातेवाइकाकडे करावी तशी.
तिथे ऐकायला कुणी बसलेलं नाही.
मग काय करतेस?
जाते.

गच्छामि. जाते.
इतकं साधं क्रियापद.
चाळीस वर्षं मी ते वगळून
बाकीची ओळ म्हणत आलो.

दुसऱ्या दिवशी उतारावर पाहिलं,
ती पट्टीवरून यंत्र फिरवते. शांत.
दुसऱ्यांदाही फिरवते. शांत.
तिसऱ्यांदाही.
मग दोरी वीतभर पुढे सरकवते
आणि त्या वीतभर मातीवर गुडघा टेकते,
सगळं वजन देऊन.
मागे आखलेल्या अंतरावर तिच्या सातजणी उभ्या,
एकीच्या हातात पाण्याचा डबा, एकीच्या हातात रक्त थांबवायची पट्टी,
कुणीच बोलत नाही.

मीही काही बोललो नाही.
दुभाष्या जेवायला गेला होता.
खाली, गेल्या महिन्यात दोऱ्या काढलेल्या तुकड्यात
कुणाची तरी म्हैस चरत होती,
एकदाही खाली न पाहता.

संध्याकाळी घंटा वाजली. आधी खरखर.
मी हात जोडले. यादी जिभेवर आली, तिला येऊ दिलं,
पुढे जाऊ दिलं.
ओळ एकदा म्हटली.
मग थांबलो,
आणि दुसऱ्यांदा म्हणण्याआधी
गुडघ्याखालची फळी चाचपून पाहिली.